अण्णांना काही झालं नाही, मग दादाला का?

माझ्या मोठ्या भावाच्या जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. त्या काळात कागद सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे तारखा, पावत्या, कोण काय म्हणालं हे सगळं एका वहीत उतरलेलं आहे. अलीकडे ओळखीतल्या घरांतून ‘ताई, असं असं निघालंय, आता काय करायचं?’ असे फोन येतात. प्रत्येकाला फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून वहीतलं नीट लिहून काढते आहे. याच धावपळीत दादा एका जनुकीय अभ्यासातही सहभागी झाला. त्याबद्दल जरा सविस्तर लिहीन, कारण आमच्या घरात वर्षानुवर्षं चाललेल्या एका वादाचं उत्तर मला तिथे मिळालं.

आम्ही मूळचे सिन्नरचे. आई विड्या वळायची, हजारावर मजुरी. सुपात तेंदूपत्ता, मांडीवर जर्दा, आणि आम्ही पोरं तिथेच अभ्यासाला बसलेली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, विशीपासून विडी ओढतात. आज त्यांचं वय ८१. दादा ४८ वर्षांचा, सातपूरच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. त्याची सिगारेट. गुटखा नाही, तंबाखू-चुना नाही, दारू सणासुदीलाही नाही. त्याला कुणी सिगारेटवरून बोललं की उत्तर ठरलेलं असायचं : ‘अण्णांकडे बघा. साठ वर्षं ओढतायत. काही झालं का त्यांना?’ वहिनी गप्प व्हायच्या, मीही गप्प व्हायचे. समोर धडधाकट अण्णा बसलेले असताना काय बोलणार?

जुलैच्या शेवटी दादाच्या जिभेच्या डाव्या कडेला एक जखम झाली. दुखत नव्हती, तिखट लागलं की चरचरायचं एवढंच. मेडिकलवाल्यानं जेल आणि बी कॉम्प्लेक्स दिलं. मग गल्लीतल्या दंतवैद्यांना दाखवलं. त्यांनी बाजूच्या दाढेची टोकदार कड घासून दिली आणि एक गोष्ट बजावून सांगितली : ‘दाढेमुळे झालं असेल तर दोन आठवड्यांत भरून येईल. नाही आलं तर वाट बघू नका, तुकडा तपासायला द्या.’ त्यांच्या या एका वाक्याचे आमच्यावर फार उपकार आहेत. तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवडे हटत नसेल तर बायोप्सी करायची, हे तेव्हापासून मी दिसेल त्याला सांगते.

३ सप्टेंबरला नाशिकमध्ये बायोप्सी झाली. इंजेक्शन देऊन जागा बधिर केली, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा तुकडा घेतला, दोन टाके पडले. तुकडा काढायचे आणि तपासणीचे मिळून ४,२०० रुपये लागले. रिपोर्ट ११ तारखेला आला, घरात गौरी जेवणार होत्या त्या दिवशी. ‘वेल डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’. पहिले दोन शब्द वाचून दादाला वाटलं, काहीतरी चांगलं आहे. वहिनींनी पुरणावरणाचा नैवेद्य दाखवला, सगळ्यांची पानं वाढली, आणि मग मला आत बोलावून विचारलं, ‘कार्सिनोमा म्हणजे तोच ना?’

‘वेल डिफरन्शिएटेड’ म्हणजे पेशी अजून बऱ्याच प्रमाणात मूळ पेशींसारख्या दिसतात. त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण कॅन्सर तो कॅन्सरच.

लगेच निघायचं ठरलं तर नातेवाइकांनी पितृपक्षाचा मुद्दा काढला. अण्णांनी तो एका वाक्यात संपवला : ‘पितर काय म्हणणार, पोराला घरी बसवून मारा?’ १९ सप्टेंबरला सकाळची पंचवटी धरून आम्ही दादरला उतरलो आणि परळला टाटा मेमोरियलमध्ये गेलो.

निघण्याआधी एक अडचण झाली होती, ती सांगते, कारण ती सगळ्यांना येते. बायोप्सीच्या रिपोर्टवर लॅबनं दादाचं घरातलं नाव लिहिलं होतं. आधारवर आणि रेशनकार्डावर वेगळं. दुरुस्त रिपोर्ट मिळायला चार दिवस गेले, वर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं शपथपत्र करून ठेवलं, त्याचे नोटरीला ४०० रुपये. तुकडा द्यायला जाल तेव्हा आधारवरचं नाव जसंच्या तसं सांगा, वेलांटीसुद्धा बदलू देऊ नका. दुसरं म्हणजे लॅबकडून नुसता रिपोर्ट नाही, काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात ते स्वतः पुन्हा बघतात. ब्लॉक तुमच्या हक्काचा आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. स्लाइड प्रवासात फुटू नयेत म्हणून त्यांच्या डबीतच ठेवा.

पहिला दिवस नोंदणीतच गेला. फॉर्म, फोटो, मग कार्ड. त्या कार्डावर आगाऊ पैसे भरायचे आणि तपासण्यांचे पैसे त्यातून वजा होत जातात. दुपारनंतर हेड अँड नेकच्या, म्हणजे डोकं-मान विभागाच्या ओपीडीत नंबर लागला. तिथे बसलं की आपण एकटे आहोत असं वाटणं बंद होतं. विदर्भातले शेतकरी, उत्तर प्रदेशातले तिशीतले तरुण, बंगालहून आलेलं कुटुंब. कुणाचा गाल, कुणाची जीभ, कुणाचा जबडा. भारतात पुरुषांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात वर आहे, हे वाचलेलं होतं. ते एका हॉलमध्ये बसलेलं बघणं वेगळं.

डॉक्टरांनी हातमोजा घालून जीभ धरली, कड दाबून पाहिली, मानेच्या गाठी, म्हणजे प्रत्येकाला असतात त्या लसिकाग्रंथी, चाचपल्या. मानेला काही लागलं नाही. एमआरआय, रक्ततपासण्या, छातीचा फोटो, भूलतज्ज्ञांची तपासणी अशी यादी मिळाली. एमआरआयची तारीख २७ सप्टेंबर.

त्या दिवशी शेजारच्या काकांनी त्यांच्या गाडीनं आम्हाला नेलं. काका साठीचे, दादाच्याच कंपनीतून निवृत्त झालेले, आणि दादापेक्षा जास्त सिगारेटी ओढणारे. एमआरआयला वेळ होता. ओपीडीबाहेर बसलो असताना एक ताई आल्या, गळ्यात ओळखपत्र, हातात क्लिपबोर्ड. तोंडाचा कॅन्सर कुणाला होतो आणि कुणाला होत नाही, यात तंबाखूबरोबर जनुकांचा किती वाटा आहे यावर अभ्यास चालू आहे, दादाला भाग घ्यायचा आहे का, असं त्यांनी विचारलं.

माझी पहिली भावना सांगते : राग आला. आमचं काय चाललंय आणि यांना अभ्यास सुचतोय. पण त्या घाईत नव्हत्या. माहितीपत्रक मराठीत होतं. ‘वाचा, चहा घेऊन या, नाही म्हणालात तरी उपचारात काडीचाही फरक पडणार नाही’ असं म्हणून त्या पुढच्या बाकाकडे गेल्या. मी ते दादाला वाचून दाखवलं. नाव नमुन्यावर राहणार नाही, त्याला एक सांकेतिक क्रमांक मिळेल. रक्त साठवून ठेवतील. केव्हाही माघार घेता येईल, कारण विचारणार नाहीत. पैसे मिळणार नाहीत आणि लागणारही नाहीत. आणि ठळक अक्षरांत : वैयक्तिक निकाल कळवला जाणार नाही. अशा अभ्यासाला नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि समितीचा संपर्क पत्रकावर छापलेला असतो. कुणी सही मागितली तर तो आहे का ते आधी पाहा, आणि सहीनंतर स्वतःची प्रत मागून घ्या.

दादानं सही केली. का, ते त्यानं तेव्हा सांगितलं नाही.

मग प्रश्न सुरू झाले. मला वाटलं होतं, ‘सिगारेट ओढता का, किती?’ एवढ्यात आटपेल. तास उलटून गेला. कितव्या वर्षी पहिली ओढली? रोजची कधीपासून? फिल्टरची की बिनफिल्टरची? विडी कधी? मधे सोडली होती का, किती महिने? दादा म्हणाला, ‘दिवसाला दहा असतील.’ ताईंनी ते लिहिलंच नाही. त्या म्हणाल्या, ‘आपण दिवस मांडूया. उठल्यावर? कंपनीच्या गेटवर? चहाच्या सुट्टीत? जेवणानंतर? नाइट शिफ्टला किती वाढतात?’ दादा सुट्या सिगारेटी घेणारा, त्यामुळे पाकिटाचा हिशोब त्याच्याकडे कधीच नव्हता. सुटी सिगारेट-विडी विकायला महाराष्ट्रात २०२० मध्ये बंदी आली, पण टपरीवर मिळायचं काही थांबलेलं नाही. तर टपरी-टपरीनं मोजत आकडा पंधरावर आला. पंधरा रोज, बावीस वर्षं. रोजचं वीसचं एक पाकीट वर्षभर ओढलं तर ते एक पॅक-वर्ष. दादाची साडेसोळा भरली. आकडा ऐकून त्यानं खिशातला रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसत बसला.

पुढे मिसरी, सुपारी, दारू, दात कशानं घासता, लहानपणी घरात चूल होती का, कंपनीत धूर-रसायनं किती, घरात कुणाला कॅन्सर झाला होता का, आई-वडिलांचं मूळ गाव कोणतं, हे सगळं. गाव आणि समाज का विचारता, असं मी विचारलं. वेगवेगळ्या समूहांत जनुकांचे प्रकार कमी-जास्त प्रमाणात असतात. हे नोंदलं नाही तर गावागावांतला फरक आजाराचा फरक म्हणून मोजला जाईल, असं त्या म्हणाल्या. शेवटी जांभळ्या झाकणाच्या छोट्या नळीत रक्त घेतलं.

‘माझंही घ्या,’ मी म्हटलं. ‘मी कधी ओढलेली नाही. तुलनेला बरं पडेल.’ त्यांनी नकार दिला. तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल म्हणून, रुग्णाच्या रक्ताच्या नात्यातलं माणूस त्यांना चालत नव्हतं. सख्ख्या भावंडांत जवळपास निम्मी जनुकं सारखी असतात, मग फरक शोधायचा कुठे? त्यांनी काकांकडे पाहिलं. काका तयार झाले. त्यांचं तोंड टॉर्चनं पाहिलं : सिगारेटनं काळवंडलेल्या हिरड्या, पण चट्टा नाही, जखम नाही. काकांची पॅक-वर्षं दादाच्या दुपटीहून जास्त निघाली. ते खुश होऊन म्हणाले, ‘म्हणजे माझे जीन्स चांगले!’

ताई म्हणाल्या, ‘तसं नाही काका. तुम्ही आज कंट्रोल आहात, इतकंच.’

त्या वाक्यानंतर काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

रक्त घेऊन झाल्यावर मी त्यांना तो प्रश्न विचारला. आमचे वडील साठ वर्षं विडी ओढतात, त्यांना काही नाही आणि दादाला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे, असं का? त्यांनी माहितीपत्रकाची मागची कोरी बाजू उलटवून तीन रकाने काढले. तो कागद अजून वहीत आहे.

पहिल्या रकान्यात सीवायपी१ए१. सिगारेटच्या धुरात बेंझोपायरीनसारखी द्रव्यं असतात. शरीर ती बाहेर टाकण्यासाठी आधी त्यांची मोडतोड करतं, आणि या मोडतोडीत मधल्या टप्प्यावर तयार होणारा पदार्थ मूळ द्रव्यापेक्षा घातक असतो. तो डीएनएला जाऊन चिकटतो. हे काम करणाऱ्या विकरांपैकी (एन्झाइमांपैकी) एकाचं जनुक म्हणजे सीवायपी१ए१, आणि त्याचे प्रकार माणसागणिक वेगळे. दुसऱ्या रकान्यात जीएसटीएम१ आणि जीएसटीटी१. यांची विकरं त्या घातक पदार्थाला ग्लुटाथायोन नावाचं शरीरातलंच एक द्रव्य जोडून निरुपद्रवी करतात, मग तो शरीराबाहेर जातो. गंमत म्हणजे कित्येक निरोगी माणसांत जीएसटीएम१ जनुक जन्मापासून नसतंच. आईकडूनही आलेलं नाही, वडिलांकडूनही नाही. युरोपात अशी माणसं जवळपास निम्मी आहेत, आपल्याकडे त्याहून कमी. तिसऱ्या रकान्यात एक्सआरसीसी१ आणि त्याच्यासारखी डीएनएची दुरुस्ती करणारी जनुकं.

मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये इथल्याच रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात तोंडाचा कॅन्सर झालेल्यांमध्ये जीएसटीएम१ नसलेल्यांचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा जास्त निघालं. घरी आल्यावर मी अशा अभ्यासांबद्दल जमेल तसं वाचलं. सिगारेट ओढणाऱ्याला तोंडाच्या कॅन्सरचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे तिप्पट असतो, जोडीला दारू असेल तर तो कितीतरी वाढतो. जनुकाच्या एकेका प्रकारानं पडणारी भर त्यापुढे बरीच लहान, आणि अभ्यासागणिक कमी-जास्त. म्हणजे जनुक एकटं फारसं काही करत नाही. धूर आला की त्याचं असणं-नसणं महत्त्वाचं ठरतं.

अण्णांना मी हे आमच्या नाशिकच्या घंटागाडीवरून सांगितलं. काही गल्ल्यांत घंटागाडी रोज येते, काही गल्ल्यांत जन्मात येत नाही. जिथे येत नाही तिथे थोडा कचराही साचून कुजतो. पण म्हणून जिथे येते त्या गल्लीत कुणी रोज ट्रकभर कचरा ओतावा असं नाही. एका गाडीत मावतं तेवढंच ती नेणार. आणि कचरा टाकलाच नाही तर गाडी येते की नाही याची फिकीर कुणाला? अण्णांची गल्ली कदाचित पहिली असेल, दादाची कदाचित दुसरी. त्याला वडिलांकडून अर्धा वाटा आला, अर्धा आईकडून. आईकडचं आम्हाला काहीच ठाऊक नाही, कारण आईनं कधी विडी ओढली नाही. अण्णांचं शरीर दादाच्या वतीनं साक्ष देऊ शकत नव्हतं. इतकी साधी गोष्ट, पण इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती.

शिवाय ‘काही झालं नाही’ हेही खरं नाही. अण्णांना दहा वर्षांपासून दम्यासारखा त्रास आहे, उशाशी पंप असतो, जिना चढताना दोनदा थांबतात. कॅन्सर झाला नाही, एवढंच काय ते.

पुन्हा रुग्णालयाकडे वळते. एमआरआयमध्ये गाठ पावणेदोन सेंटिमीटरची निघाली, मानेत संशयास्पद काही नाही. तरी डॉक्टरांनी जिभेबरोबर मानेच्या डाव्या बाजूच्या गाठीही काढायचं ठरवलं. वहिनी घाबरल्या, काही नाही तर मान का कापायची? तेव्हा डॉक्टरांनी समजावलं की याच रुग्णालयात मोठा तौलनिक अभ्यास झाला आहे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेच्या गाठी आधीच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. मानेत आजार दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के. हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कुणीतरी पाचशे माणसांनी तेव्हा अभ्यासाच्या कागदावर सही केली म्हणून दादाच्या मानेचा निर्णय पाच मिनिटांत झाला. क्लिपबोर्डवाल्या ताईंवरचा माझा राग त्या दिवशी गेला.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. आरोग्यमित्रांच्या खिडकीवर रेशनकार्ड, आधार, फोटो, बायोप्सीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र दिलं. दादाचं नाव अजून अण्णांच्या रेशनकार्डात होतं, ते चाललं. फक्त कार्डाची नोंद ऑनलाइन दिसली पाहिजे. गाव सोडण्याआधी तहसीलच्या पुरवठा शाखेत ती दिसते का ते बघून घ्या, मुंबईत बसून हे होत नाही. पूर्वमंजुरीला आठवडा लागला. योजनेआधीच्या तपासण्या, प्रवास, राहणं, नंतरची पावडर आणि नळीचा आहार यांवर आमचे एकूण ४० हजारांच्या आसपास गेले. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा मिळाली. त्यासाठी रुग्णालयाचं पत्र लागतं, ते पहिल्याच दिवशी मागा. तिथली स्वच्छता आणि माणसांची वागणूक मी विसरणार नाही.

या थांबण्याच्या काळात सिगारेट सोडणं सगळ्यात अवघड होतं. ‘आता तर झालाच आहे, आता सोडून काय?’ हे दादाच नाही, बाकावरचे कितीतरी जण म्हणत होते. उत्तर आहे. ओढत राहिलं तर भूल आणि जखम भरणं दोन्हीला त्रास होतो, आणि तोंडात किंवा घशात दुसरा नवा कॅन्सर होण्याची शक्यता वाढते. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक वहिनींनी लावला. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यांनी सोडायची तारीख ठरवून घेतली आणि नंतर स्वतःहून फोन केले. पहिला आठवडा दादानं घरातल्या प्रत्येकावर आवाज चढवला. तल्लफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हाताला काम द्या, असं त्यांनी सांगितलं होतं. वहिनींनी त्याला शेंगा सोलायला बसवलं.

२२ ऑक्टोबरला ऑपरेशन झालं. साडेचार तास लागले. बाहेर आणलं तेव्हा मानेला ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी), नाकात नळी, बोलणं बंद. तो मोबाइलवर टाइप करून बोलायचा. पहिला मेसेज होता, ‘पाणी’. दुसरा, ‘काकांनी सोडली का?’ दर दोन तासांनी नळीतून ताक, पेज, गाळलेलं वरण. नळी आधी आणि नंतर कोमट पाण्यानं धुवायची, रुग्णाला अर्धवट बसवूनच द्यायचं. हे परिचारिकांनी शिकवलं की स्वतः करून दाखवा, नुसतं बघू नका. धनत्रयोदशीला घरी सोडलं.

वाचा आणि गिळण्याचे व्यायाम दुसऱ्या आठवड्यात सुरू झाले. जिभेची कड गेल्यावर ट, ड, र, ळ अडतात. वहिनी त्याला रोज सकाळी समोर बसवून ‘टाळ, माळ, बाळ, डाळ’ म्हणायला लावायच्या. सुरुवातीला सगळं ‘आय, माय’ असं यायचं. आता फोनवर अनोळखी माणसालाही समजतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर अंतिम रिपोर्ट आला. कडा स्वच्छ, म्हणजे कापलेल्या काठांवर कॅन्सर नाही, गाठ खोलवर गेलेली ४ मिलिमीटर, काढलेल्या मानेच्या गाठींपैकी एकीतही कॅन्सर नाही. रेडिएशनची गरज नाही. त्या दिवशी वहिनी रुग्णालयाच्या दारातच खाली बसल्या आणि रडल्या.

मग पुतण्याचा प्रश्न आला. तो १९ वर्षांचा. त्यानं ऑनलाइन डीएनए चाचणीची किट पाहून ठेवली होती, आपल्यातही ‘तो जीन’ आहे का म्हणून. पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, स्तनाच्या कॅन्सरमध्ये बीआरसीए जनुकातला बिघाड जसा एकटाच धोका खूप वाढवतो, तसं इथे नाही. फॅन्कोनी ॲनिमियासारखे दुर्मिळ आनुवंशिक आजार सोडले तर तोंडाच्या कॅन्सरमागे एकच एक जनुक नसतं. लहान लहान परिणाम करणारी अनेक असतात. दादाच्या गाठीत जनुकांचे जे बिघाड झाले ते त्याच्या जिभेतल्या पेशींत, आयुष्यभराच्या धुरानं झालेले. ते मुलाकडे जात नाहीत. आणि समजा चाचणीत ‘धोका कमी’ असं आलं, तर हा मुलगा काय करेल? ‘मला त्याचीच भीती वाटते,’ असं ते म्हणाले. ‘चांगला निकाल वाचून ओढायला लागलेला मुलगा.’ किट मागवली नाही.

हे सगळं घरी जेवताना बोलणं झालं तेव्हा अण्णा ऐकत होते. त्यांना वाटत होतं आपल्याला दोष देतायत. विडी त्यांनी अजून सोडलेली नाही, कमी केली आहे. पंपाच्या डॉक्टरांकडे आता मीच त्यांना नेते. पण त्या दिवशी ते नातवाला म्हणाले, ‘माझं नाव सांगून या घरात कुणी ओढायची नाही.’ दादानं मान खाली घातली नाही, वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

काकांनी डिसेंबरमध्ये सोडली, मार्चमध्ये पुन्हा धरली, आता परत त्या क्रमांकावर फोन करतायत. सिगारेट सोडल्यावर धोका वर्षागणिक उतरत जातो आणि सुमारे वीस वर्षांत कधीच न ओढणाऱ्याच्या जवळ येतो. साठीच्या माणसाला वीस वर्षं ऐकून हसू येतं, पण उतरण पहिल्या काही वर्षांतच सुरू होते.

दादा फेब्रुवारीत कामावर रुजू झाला. तपासणी सध्या दर दोन-तीन महिन्यांनी, पुढे हळूहळू अंतर वाढेल. पहिली दोन वर्षं जास्त जपायची, कारण परत यायचा असेल तर बहुतेकदा त्या काळात येतो. घरी दर रविवारी वहिनी टॉर्च लावून जीभ, गालांच्या आतली बाजू, टाळू आणि जिभेखालची जागा बघतात. तपासणीला जाणाऱ्यांसाठी एक सूचना : नुसता एमआरआयचा रिपोर्ट पुरत नाही, डॉक्टर जुन्या फिल्म किंवा सीडी मागतात. ती फाइलमध्येच ठेवा, आणि फाइल ट्रेनमध्ये वरच्या रॅकवर टाकू नका.